गेम लॅग होतोय? वायफायपासून सर्व्हरपर्यंत प्रॉब्लेम नेमका कुठे आहे ते शोधायची पद्धत

शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्ट पण बरोबर शंभर दाखवते, यूट्यूब फोरकेमधे न अडकता चालतं आणि तरी व्हॅलोरंट लावलं की समोरचा माणूस दोन पावलं मागे उडी मारल्यासारखा दिसतो, आपण आधी गोळी मारलेली असते आणि मरतो पण आपणच. मग माणूस काय करतो, तर दोनशेचा प्लॅन घेतो. पुढच्या आठवड्यात परत तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार आहे, कारण गेमला स्पीड फारसा लागतच नाही. नुसता मॅच खेळायला बहुतेक गेम्सना एक एमबीपीएससुद्धा पुरतं. गेमला लागतं ते वेगळंच, डेटाचे छोटे छोटे तुकडे म्हणजे पॅकेट्स सतत, वेळेवर आणि एकही न हरवता पोचली पाहिजेत.

व्हॅलोरंटचे सर्व्हर १२८ टिकचे आहेत, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा, दर ७.८ मिलिसेकंदाला सर्व्हर सगळ्यांचा हिशोब करतो. त्यात तुमचं पॅकेट उशिरा आलं तर उपयोग नाही. व्हिडिओ बघताना प्लेअर पुढचं थोडं आधीच भरून ठेवतो म्हणून मधे नेट अडखळलं तरी कळत नाही, गेमला ती सोयच नाही कारण पुढे काय होणार ते अजून झालेलंच नसतं.

म्हणून तीन आकडे वेगवेगळे समजून घ्या. पिंग म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागलेला वेळ. जिटर म्हणजे हा पिंग किती वरखाली होतो ते. आणि पॅकेट लॉस म्हणजे किती पॅकेट्स वाटेतच गायब झाली. माझं स्पष्ट मत आहे की स्थिर ७० पिंगवर माणूस चांगला खेळू शकतो, पण ३० ते १५० मधे उड्या मारणाऱ्या पिंगवर कोणीच खेळू शकत नाही, आणि २ टक्के लॉस असेल तर पिंग कितीही सुंदर दिसला तरी मॅचचा विचका होतो.

किती पिंगची अपेक्षा ठेवायची

हे आधी ठरवा, नाहीतर जे सुधारणारच नाही त्याच्या मागे लागाल. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन हिशोब केला तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ३९ च्या खाली पिंग जाणं निसर्गनियमानेच शक्य नाही, आणि केबल काही सरळ रेषेत नसते त्यामुळे प्रत्यक्षात साठच्या आसपास मिळाला तर तो चांगला पिंग समजा. मुंबई सर्व्हरवर ठाण्या-पुण्यातून ५ ते १५, नागपूर-चंद्रपूरकडून २० ते ३० च्या घरात येत असेल तर सगळं ठीक चाललंय. युरोपच्या सर्व्हरवर १२० येत असेल तर ती तक्रार करायची गोष्टच नाही. भाऊ अमेरिकेत वेस्ट कोस्टला असेल आणि तुम्ही सांगलीत, तर मुंबई सर्व्हरवर त्याला दोनशेच्या वरच मिळणार, तिथे कुठलंही सेटिंग चालत नाही. अशा वेळी सर्व्हर निवडायची सोय असेल तर दोघांच्या मधला सिंगापूर किंवा टोकियो बघा, दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागतं पण मजा राहते.

आधी खात्री करा की प्रॉब्लेम नेटचाच आहे

निम्म्या तक्रारींमधे नेटचा संबंधच नसतो. फ्रेम रेट कोसळला की पण गेम अडकतो आणि लोक त्यालाही लॅगच म्हणतात. व्हॅलोरंटमधे सेटिंग्ज, व्हिडिओ, स्टॅट्स या टॅबमधे जाऊन नेटवर्क आरटीटी (म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस दोन्हीचे ग्राफ चालू करा, सीएस२ (काउंटर स्ट्राइक २) मधे गेम सेटिंग्जमधे टेलिमेट्री आहे तिथे पिंग आणि फ्रेम टाइम दोन्ही दाखवायला सांगा, बीजीएमआयमधे पिंगचा आकडा स्क्रीनवरच असतो. आता अडकलं की बघा कुठला ग्राफ उडाला. फ्रेम टाइम उडाला आणि पिंग शांत राहिला तर विषय ग्राफिक्स कार्डाचा, तापलेल्या लॅपटॉपचा किंवा मागे चालू असलेल्या अँटीव्हायरस स्कॅनचा आहे. मोबाईलवर अर्ध्या तासानंतर सुरू होणारा लॅग तर बहुतेक वेळा फोन तापल्यामुळेच असतो, कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळणं बंद करा आणि मग बघा.

एरर कोड आला असेल तर तो नीट वाचा. उदाहरणार्थ व्हॅलोरंटचा व्हॅन ९००१ बघून लोक राउटर रीसेट करत बसतात, तो कोड टीपीएम आणि सिक्युअर बूट या पीसीच्या सुरक्षेच्या सेटिंग्जचा आहे, नेटशी त्याचं काही देणंघेणं नाही.

दुसरी खात्री, प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच आहे का? वेगळ्या कंपनीचं नेट असलेल्या मित्राला विचारा, गेमचं सर्व्हर स्टेटस पेज बघा. स्टीमचा दर मंगळवारचा मेंटेनन्स आपल्याकडे बुधवारी भल्या पहाटे येतो, तेव्हा पाच-दहा मिनिटं गेम डिसकनेक्ट झाला तर काहीच करायचं नाही, फक्त थांबायचं.

आणि तिसरी, सगळ्यात उपयोगी खात्री म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. त्याच लॅपटॉपवर, तोच गेम, फोनच्या डेटावर एक प्रॅक्टिस मॅच खेळून बघा. हॉटस्पॉटवर नीट चालला तर तुमचं मशीन, गेम आणि सर्व्हर तिन्ही निर्दोष, दोष घरच्या नेटमधे. हॉटस्पॉटवर पण अगदी तसंच होत असेल तर घरच्या नेटला शिव्या देऊ नका.

तीन खिडक्यांचा पिंग, अख्ख्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम

घरच्या नेटचाच प्रॉब्लेम आहे असं ठरलं की आता तो कुठल्या टप्प्यात आहे ते शोधायचं. टप्पे साधे आहेत, तुमच्या मशीनपासून राउटरपर्यंत, राउटरपासून कंपनीच्या पहिल्या मशीनपर्यंत, आणि तिथून पुढे जगात.

विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा (कमांड आणि अंक अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे). त्यात डिफॉल्ट गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो तुमचा राउटर. मग ट्रेसर्ट ८.८.८.८ (tracert 8.8.8.8, हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता) ही कमांड चालवा, त्यात पहिल्या ओळीत राउटर येईल आणि दुसऱ्या ओळीत जो पत्ता येईल तो कंपनीचा पहिला हॉप, हॉप म्हणजे पॅकेटच्या वाटेतलं एकेक मशीन. आता तीन खिडक्या उघडा, एकीत राउटरला पिंग, दुसरीत त्या दुसऱ्या हॉपला पिंग, तिसरीत ८.८.८.८ ला पिंग, तिन्हीच्या शेवटी स्पेस देऊन डॅश टी लावा म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहील. कंपनीचा हॉप पिंगला उत्तरच देत नसेल तर ट्रेसर्टमधला त्याच्या पुढचा घ्या. तिन्ही चालू ठेवून गेम खेळा, आणि लॅग आला की लगेच ऑल्ट टॅब मारून बघा.

राउटरच्या खिडकीत वायफायवर निरोगी घरात आकडे २, ३, २, २, ४ असे येतात, लॅन केबलवर तर कायम १ किंवा १ पेक्षा कमी. आजारी घरात काय दिसतं? २, ३, २, १८७, २, ४, रिक्वेस्ट टाइम्ड आउट, ३, ९६, २. हे बघितलं की बाकी दोन खिडक्यांकडे बघायची गरजच नाही. पॅकेट घराबाहेर पडायच्या आधीच अडखळतंय, कंपनीवाल्याला फोन करून काही होणार नाही, प्रॉब्लेम तुमच्या वायफायमधे आहे. राउटर शांत आणि दुसरी खिडकी उडाली तर तुमच्या घरापासून कंपनीच्या मशीनपर्यंतची वायर किंवा तिथली गर्दी. पहिल्या दोन्ही शांत आणि फक्त तिसरी उडाली तर कंपनीच्या पुढचा रस्ता. आणि तिन्ही शांत, तरी गेममधला पिंग उडतोय, तर गेमच्या सर्व्हरचा किंवा तिकडे जाणाऱ्या रस्त्याचा विषय.

एक गैरसमज इथेच मोडतो कारण त्यापायी खूप लोक कस्टमर केअरशी उगाच भांडतात. ट्रेसर्टमधे मधल्याच एखाद्या हॉपवर तारे दिसले किंवा तिथे एकट्यालाच ३०० मिलिसेकंद दिसले तर ते दुखणं नाही. मोठे राउटर पिंगला उत्तर देणं हे सगळ्यात शेवटचं काम समजतात, पॅकेट पुढे पाठवायचं काम मात्र ते जोरात करत असतात. तिथून पुढच्या सगळ्या हॉप्सवर वाढलेला आकडा टिकला तरच तो खरा.

आता ज्या टप्प्यावर बोट ठेवलं गेलं त्याच टप्प्याचं खाली वाचा.

राउटरपर्यंतच प्रॉब्लेम, म्हणजे वायफाय

पहिला आणि शेवटचा उपाय लॅन केबल. खरंच सांगतो, वायफायची सगळी सेटिंग्ज करून जे मिळत नाही ते एका कॅट५ई केबलने मिळतं, १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालते ती, दाराखालून जाणारी चपटी केबल पण मिळते आणि घरच्यांना भिंतीला भोक नको असेल तर स्कर्टिंगवरून क्लिप मारून नेता येते. केबल लावल्यावर विंडोजमधे लिंक स्पीड बघा, गिगाबिट पोर्ट असूनही १०० दाखवत असेल तर क्रिंपिंगमधे (टोकाला कनेक्टर बसवताना) तारांची एखादी जोडी लागलेली नाही, गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात. १०० वर पण गेम मस्त चालतो, पण लिंक सारखी तुटून परत लागत असेल तर कनेक्टर बदलून घ्या.

केबल शक्यच नसेल, भाड्याचं घर, हॉस्टेल वगैरे, तर मग वायफाय नीट करू.

राउटर कुठे आहे? केबलवाल्याची वायर जिथे आत आली तिथेच तो असतो, म्हणजे बहुतेक घरांत टीव्हीच्या मागे, शोकेसच्या काचेआड नाहीतर माळ्यावर. टीव्ही, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट हे सगळे सिग्नलचे शत्रू आहेत. उघड्यावर, छातीच्या उंचीला आणि शक्यतो तुमच्या खोलीच्या दिशेने आणा, आतली पिवळी फायबर वायर पुरत नसेल तर केबलवाल्याकडून लांब पॅचकॉर्ड मागा, ती स्वतः ओढूनताणून नेऊ नका.

मग बँड, म्हणजे वायफाय कुठल्या पट्ट्यात चालतं ते. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमधे तीस राउटर त्याच तिघांत कोंबलेले असतात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ पण त्याच पट्ट्यात. बीजीएमआय खेळणाऱ्यांनी हे मुद्दाम तपासा, फोन २.४ वर आणि कानात ब्लूटूथ इअरफोन असतील तर फोनचा एकच रेडिओ दोघांमधे वेळ वाटून घेत असतो, वायरचे इअरफोन लावून फरक पडतो का बघा, पुष्कळदा पडतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, फक्त भिंत त्याला जड जाते, आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, आणि जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपलीकडे तर एकीच्याही नाही.

राउटरच्या पेजवर जाऊन दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या. एकच नाव ठेवलं की राउटर किंवा फोन स्वतःच्या मनाने मॅचच्या मधेच एका बँडवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तेवढ्यात दोन-तीन सेकंद गेले. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ऑटोवर न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यातला ठेवा, मधले ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, राउटरला रडार असल्यासारखं वाटलं की त्याला नियमाप्रमाणे तो चॅनल सोडावाच लागतो आणि तेव्हा सगळे डिसकनेक्ट होतात. २.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनल विड्थ २० ठेवा, ४० ठेवून स्पीड वाढल्यासारखा दिसतो पण शेजारच्यांचा गोंगाट पण दुप्पट ऐकू येतो.

कंपनीने फुकट दिलेला राउटर अनेकदा नुसता २.४ वाला असतो. खोक्यावर किंवा सेटिंगमधे ५ चा उल्लेखच नसेल तर बदला. आठ अँटेनांचा आणि लाल लायटींचा गेमिंग राउटर मात्र घेऊ नका, साधा चांगला ड्युअल बँड पुरे.

लॅपटॉपमधे डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधे जाऊन पॉवर वाचवायला अडॅप्टर बंद करायची परवानगी काढून घ्या. ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा पिंग उडत असेल तर बहुतेक अडॅप्टर आजूबाजूची नेटवर्क शोधत असतो, ड्रायव्हर अपडेट करून बघा.

घरात कोणी काही डाउनलोड केलं की लॅग येतो

तुम्ही एकटे असताना १० पिंग, संध्याकाळी सगळे घरी आले की २५०. हा प्रकार ओळखायला सोपा आहे, ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवर स्पीड टेस्ट लावा. टेस्ट चालू असताना आकडा ८ वरून १५-२० झाला तर उत्तम, थेट ३०० वर गेला तर याला बफरब्लोट म्हणतात. टोलनाक्यावर ट्रकांची रांग लागली की मोटरसायकलवालाही त्याच रांगेत अडकतो, तसं तुमचं इवलंसं गेमचं पॅकेट राउटरच्या रांगेत मोठ्या डाउनलोडच्या मागे उभं राहतं. राउटर पॅकेट फेकून द्यायला नको म्हणून भलीमोठी रांग साठवून ठेवतो आणि तिथेच घोळ होतो.

डाउनलोडपेक्षा अपलोड जास्त घातक. आईच्या फोनचे गुगल फोटो बॅकअप होत असतात, दादाचा वनड्राइव्ह सिंक होत असतो, जिन्यातला सीसीटीव्ही क्लाउडवर व्हिडिओ ढकलत असतो, यातलं काहीच कोणी मुद्दाम करत नाही त्यामुळे कोणाला विचारून पण कळत नाही. राउटरच्या पेजवर जोडलेल्या डिव्हाइसची यादी आणि त्यांचा ट्रॅफिक दिसत असेल तर तिथे बघा. तुमच्या स्वतःच्या पीसीवर पण स्टीममधे गेम चालू असताना डाउनलोड करायची परवानगी बंद करा, विंडोज अपडेटमधे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा, ते तुमचं अपलोड वापरून दुसऱ्यांना अपडेट वाटतं.

खरा उपाय आहे एसक्यूएम, म्हणजे स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, राउटरमधल्या या रांगेला शिस्त लावणं. २०१२ मधे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघून रांग छोटी ठेवायची, आणि त्यावरून पुढे एफक्यू कोडेल आणि केक आले. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट सॉफ्टवेअर चालणारा राउटर असेल तर एसक्यूएमचं पॅकेज टाका, केक निवडा आणि डाउनलोड-अपलोड दोन्हीला तुमच्या खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के आकडा द्या. थोडा स्पीड मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या मशीनमधे न लागता तुमच्या राउटरमधे लागते आणि तिचा ताबा तुमच्याकडे राहतो. शंभरचे नव्वद झाले म्हणून घरात कोणाला कळत पण नाही, गेममधला फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे. साध्या राउटरवर एसक्यूएम नसेल तर क्यूओएस (कुठल्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) किंवा बँडविड्थ कंट्रोल शोधा आणि बाकी डिव्हाइसना मर्यादा घाला.

राउटर ते कंपनी, म्हणजे वायरचं दुखणं

फायबर असेल तर ओएनटीच्या, म्हणजे फायबरची वायर ज्या डब्यात लागते त्याच्या पेजवर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, डीबीएममधे, मायनसमधे. मायनस १५ ते मायनस २४ मधे असेल तर चिंता नाही. मायनस २५ च्या पलीकडे गेला की सावध व्हा, मायनस २७ ही बहुतेक घरगुती ओएनटीची हद्द असते, तिथे पोचलं की पॅकेट लॉस सुरू होतो आणि मग एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. हा आकडा आज सगळं नीट चालू असताना लिहून ठेवा, बिघडेल तेव्हा तुलना करायला हाच कामाला येतो.

आकडा पडायचं एक कारण घरातच असतं, कपाट भिंतीला सरकवताना वायर काटकोनात दबली किंवा वेटोळं करून खिळ्याला टांगली. फायबर फार वळवला की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. दबलेली वायर मोकळी करा, मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवा आणि आकडा परत बघा. हिरव्या टोकाचा कनेक्टर उगाच काढू नका, टोकावर बोट लागलं तरी सिग्नल पडतो, आणि उघड्या टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो. बाकी कारणं बाहेरची, पावसाळ्यात खांबावरच्या डब्यात शिरलेलं पाणी, उंदरांनी कुरतडलेली वायर, कोकणात माकडांनी लोंबकळून तोडलेली. ते काम केबलवाल्याचंच.

जुन्या बिल्डिंगांमधे अजून वेगळी पद्धत आहे, फायबर गच्चीपर्यंत आणि तिथल्या स्विचपासून घरात साधी लॅन केबल. ती वर्षानुवर्षं उन्हापावसात असते, कनेक्टर हिरवे पडलेले असतात. राउटरच्या पेजवर वॅन पोर्टचा (बाहेरची केबल लागते त्या पोर्टचा) स्पीड १० किंवा हाफ डुप्लेक्स दिसला तर थेट केबल बदलून मागा. आणि या पद्धतीत गच्चीवरची लाइट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असून पण नेट जातं. लाइट गेल्यावर फक्त राउटर बंद पडत असेल तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

गेम मधेच पूर्ण तुटतो आणि मिनिटाभराने परत येतो, असं असेल तर राउटरचा सिस्टम लॉग उघडा. त्याच वेळेला पीपीपीओई (राउटरचं कंपनीकडचं लॉगिन) डिसकनेक्ट अशी नोंद दिसली तर ती वेळ टिपून ठेवा, तक्रारीत तीच लागते.

पिंग चांगला पण मित्राशी जोडलंच जात नाही

हा पूर्ण वेगळा रोग, नॅटचा. नॅट म्हणजे घरातली सगळी डिव्हाइस बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवायची राउटरची पद्धत. व्हॅलोरंट किंवा बीजीएमआय खेळणाऱ्यांना याची सहसा झळ लागत नाही कारण तिथे सगळे गेमच्या सर्व्हरलाच जोडतात. पण टेकेन ८ किंवा स्ट्रीट फायटर ६ मधे दोघे खेळाडू थेट एकमेकांना जोडतात, जीटीए ऑनलाइनमधे तसंच, आणि माइनक्राफ्टचं जग घरून होस्ट करायचं तर बाहेरच्याला तुमच्या घरात यायला वाट लागते.

राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा आणि ब्राउझरमधे माझा आयपी काय असं शोधून आलेला आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर बाहेरचा पत्ता तुमचा एकट्याचा आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधे सुरू होत असेल, किंवा १० ने, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलाय. अशा वेळी राउटरमधे कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे आत यायची वाट उघडा, बाहेरचा माणूस कंपनीच्याच दारात अडकतो. तिथे मार्ग तीन, कंपनीकडून पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी घ्या, थोडे जास्त पैसे घेतात पण देतात. दोघांकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) असेल आणि गेम ते चालवत असेल तर ते चालू करा. नाहीतर झीरोटियर किंवा टेलस्केलसारखं काही टाकून मित्रांपुरतं खाजगी नेटवर्क बनवा, माइनक्राफ्टसाठी हा मार्ग झकास आहे.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीचा ओएनटी आणि तुमचा राउटर दोघेही नॅट करतायत, ओएनटी ब्रिज मोडला टाकून मागा, म्हणजे नॅट फक्त तुमचा राउटर करेल. पत्ता तुमचाच असेल तर आधी यूपीएनपी (गेमला हवे ते पोर्ट आपोआप उघडणारं सेटिंग) चालू करा, बहुतेक काम तिथेच होतं. नाही झालं तर पोर्ट हाताने उघडा, एक्सबॉक्सला यूडीपी ३०७४, माइनक्राफ्ट जावाला टीसीपी २५५६५. प्लेस्टेशनवर नॅट टाइप २ आला की समाधान माना, ३ असेल तरच धडपड करा. अख्खा पीसी डीएमझेडमधे टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सगळं दार सताड उघडं राहतं.

कंपनीच्या पुढचा रस्ता

सकाळी सहाला १२ पिंग आणि रात्री आठ ते अकरा ८०, रोज, न चुकता. हे कंपनीची बाहेरची लाइन रात्री भरल्याचं लक्षण आहे, तुमच्या घरात सुधारण्यासारखं काही नाही. दुसरं लक्षण, मुंबईचा सर्व्हर आणि पिंग कायम १२०. ट्रेसर्ट करून बघा, हॉपच्या नावात सिंगापूर किंवा मार्से असं काही दिसलं तर पॅकेट परदेशवारी करून परत मुंबईत येतंय, कारण तुमच्या छोट्या कंपनीची आणि गेमच्या नेटवर्कची मुंबईत थेट गाठच नाही. सीएस२ मधे सर्व्हरचा पत्ता मिळत नाही, ट्रॅफिक व्हॉल्व्हच्या रिलेमधून जातो, तिथे गेममधलाच आकडा बघावा लागतो.

गेमसाठीचे व्हीपीएन फक्त या एकाच परिस्थितीत उपयोगाचे, रस्ता वाकडा असेल तर. फुकट ट्रायल मिळते, त्यात आकडा पडला तरच पैसे द्या. वायफायचा लॉस व्हीपीएनने जात नाही. डीएनएस बदलून मॅचमधला पिंग कमी होतो हे पण खरं नाही, डीएनएस फक्त सुरुवातीला पत्ता शोधतो, लॉगिन अडकत असेल तर बदलून बघा, बास.

परदेशी सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी समुद्राखालच्या केबलची बातमी पण बघत जावी. सप्टेंबर २०२५ मधे लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातून युरोप आणि आखाताकडचा पिंग वाढला होता, मुंबई सर्व्हरवाल्यांना त्याचा त्रास व्हायचं कारण नव्हतं. असं झालं की काही दिवस जवळचा सर्व्हर निवडणं हाच उपाय.

मोबाईल डेटावर खेळत असाल तर

५जीची एक काडी आणि ४जीच्या चार असतील तर फोन दोघांमधे झोके घेत राहतो, सेटिंगमधून ४जीवर पक्का करा. ड्युअल सिममधे डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर न्यायचं सेटिंग बंद करा. वायफाय कमजोर झालं की आपोआप डेटावर जायचं सेटिंग पण बंद, मॅचच्या मधे नेटवर्क बदललं की तुमचा पत्ताच बदलतो. बॅटरी सेव्हर बंद. खिडकीजवळ बसा, आणि पीसीला नेट द्यायचं असेल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा, वायफायचा एक टप्पा वाचतो.

तक्रार कशी करायची

नेट स्लो आहे असं सांगितलं की समोरचा स्पीड टेस्ट करायला सांगतो, ती चांगली येते आणि तक्रार तिथेच बंद. म्हणून असं लिहा: "राउटरला लॅन केबलने जोडून तपासलं आहे. राउटरचा पिंग १ मिलिसेकंद, लॉस शून्य. तुमच्या पहिल्या हॉपला रात्री ९ ते १० मधे ४ टक्के लॉस. आरएक्स पॉवर मायनस २६.८, आधी मायनस २१ होती. स्क्रीनशॉट सोबत." तुमचे आकडे अर्थात तुमचे घाला. यावर राउटर रीस्टार्ट करा असं उत्तर देणं त्यांना अवघड जातं. स्थानिक केबलवाल्याला फोन केला तरी मूळ कंपनीकडे ॲपवर किंवा कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्याच, कारण तोडगा निघाला नाही तर कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे जाता येतं आणि तिथे डॉकेट नंबर मागतात.

आणि कंपनी बदलायचीच ठरली तर जाहिरातीतला स्पीड बघू नका. तुमच्याच बिल्डिंगमधे त्या कंपनीचं नेट असलेला कोणी शोधा, रात्री नऊला त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन जा, केबल लावा, पंधरा-वीस मिनिटं पिंग चालू ठेवा आणि शक्य असेल तर एक मॅच खेळून या. प्लॅन त्यानंतरच भरा, तो पण पहिल्यांदा महिन्याचाच.